विटकरी पिंप

तेनेंगआजी, बस म्हणालीस, बसते.
चहाला नाही म्हणणार नाही.
पहिला पेला कडू असतो हे ठाऊक आहे मला,
आणि तिसरा येईपर्यंत उठायचं नसतं, हेही.

हो, मीच ती. दुसू सान्यांग,
फेरीघाटावरच्या शिंप्याची मुलगी.
पाच वर्षांपूर्वी याच सावरीखाली,
याच चटईवर बसून गेलेली.
तेव्हा डोक्याला गुलाबी रुमाल होता,
आज विटकरी आहे.
तू बघितलंस. बोलली नाहीस.
शेंगा फोडत राहिलीस.

तर ऐक आमच्या पक्षाचं म्हणणं.
पूल बांधू असं आम्ही म्हणत नाही.
पूल मागच्या वेळी मीच बांधला होता,
बोलता बोलता, या काठापासून त्या काठापर्यंत,
आणि परत गेले ती फेरीने,
दोन तास रांगेत उभी राहून, बकऱ्यांच्या मधे.

आम्ही म्हणतो, बांध.
कमरेएवढा, मातीचा, खारफुटीच्या कडेने.
समुद्र गांबियातून वर चढतो
तो तुमच्या भातात शिरू नये, एवढ्यासाठी.
खाचरातली माती पांढरी पडलीय.
जिभेला लावली की कळतं.
मी लावून बघितली, येताना,
वहाणा हातात घेऊन.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
आजी, या गावाइतकं मीठ कुणी खाल्लंय?
आणि सांग,
तुम्हाला कोण जागलं?

जाहीरनामा अकरा पानांचा आहे.
बांध सातव्या पानावर, खालून तिसरी ओळ.
तुझा केबा ज्या वाटेने वाळवंटाकडे गेला
ती वाट पहिल्याच पानावर आहे,
'तरुणांना रोजगार' एवढ्या दोन शब्दांत.
मी भांडले. म्हटलं, नावं लिहा,
एका आमच्या घाटावरून नऊ जण गेलेत.
म्हणाले, छपाईला जागा नाही.

हा तेलाचा डबा दाखवायला आणलाय.
खरं पिंप मोठं असतं, पण नळी अशीच.
गोटी सोडायची, आत घंटी वाजते, एकदा.
दोनदा वाजली तर बाहेरचे साहेब कान टवकारतात.
तळाशी वाळू असते,
पडल्याचा आवाज होऊ नये म्हणून.
त्या दिवशी शाळेजवळ सायकल आणायची नाही,
पोराटोरांच्या घंटीला कुणी मत समजायचं.

तुझ्या नातीने आल्यापासून बावीस मतं दिलीत.
तिला थांबव.
नाही, राहू दे.

'आणि घंटी वाजल्यावर?'

हे तुझं पहिलं वाक्य.
बांजुलमध्ये तीन दिवस शिकवलेलं उत्तर
माझ्या ओठांवर होतं.
दुसऱ्या पेल्याबरोबर गिळलं.

घंटी वाजल्यावर, आजी, गोट्या मोजतात.
भोकांच्या फळीवर, ओळीने लावून.
मग पिंपं रिकामी होतात, गोदामात जातात,
आणि वाळूचं काय करतात मला माहीत नाही.
आमचा उमेदवार चांगला आहे.
चांगला म्हणजे, अजून लाजतो.
खोटं बोलताना कान लाल होतात त्याचे,
हे मी स्वतः पाहिलंय, दोनदा.
याहून जास्त काय सांगू?
दगडापेक्षा वीट मऊ.
आमचा रंगही विटेचाच.

हसलीस. बोळक्या तोंडाने, शेंगेची टरफलं झटकत.
म्हणालीस, 'बांध आम्ही घातलाय सुरू.
बायका बायकांनीच, मागच्या अमावस्येपासून.
चाळीस हात झाला. मधे खचला, परत घातला.
मत कुठे पडेल ते घंटीला ठाऊक.
ओहोटी पहाटे आहे.
यायचं तर ये टोपल्या उचलायला.
रुमाल कुठल्याही रंगाचा आण,
चुंबळ तेवढी जाड हवी.'

तिसरा पेला आला.
डब्यात तेविसावी गोटी पडली.